कॅन्सरच्या पेशंटच्या मृत्यूचं कारण बिनचूक कसं लिहावं: फॉर्म ४ आणि ४-अ भरणाऱ्या डॉक्टरांसाठी

रात्री अडीच वाजता वॉर्डात पेशंट जातो. नातेवाईकांना उजाडायच्या आत अथणीचा रस्ता धरायचा असतो, ॲम्ब्युलन्सवाला खाली हॉर्न वाजवत असतो. ड्युटीवरचा डॉक्टर फॉर्म ४, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला, पुढे ओढतो, ‘अ’ ओळीत ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहितो, ‘ब’ ओळीत ‘सीए’, खाली सही-शिक्का. दोन मिनिटांत काम उरकतं. पुढे हा कागद मृत्यूच्या कारणांना आकडेवारीसाठी आयसीडी-१० या आंतरराष्ट्रीय यादीतले कोड (सी५३, सी१६ असे) लावणाऱ्याच्या टेबलावर येतो तेव्हा त्यातून एकच गोष्ट सिद्ध होते: माणूस मेला. हृदय आणि श्वास थांबणं हे मरणाचं कारण नव्हे, ते मरणच. आणि ‘सीए’ म्हणजे कार्सिनोमा की पुन्हा कार्डिॲक अरेस्टच, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

कॅन्सरच्या मृत्यूचा दाखला बिघडतो तो बहुधा एकाच जागी. कॅन्सर शरीरात कुठे सुरू झाला, ते लिहिलेलं नसतं. बाकीच्या चुका कोड लावणारा थोड्याफार सांभाळून घेतो. मूळ जागा मात्र त्याला अंदाजाने भरता येत नाही. म्हणून या लेखाचा सगळा भर तिथे आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागातल्या दवाखान्यांतले ड्युटी डॉक्टर आणि घरी जाऊन पेशंट बघणारे फॅमिली डॉक्टर, दोघांनाही तो उपयोगी पडावा. उदाहरणं इथे मराठीत आहेत. प्रत्यक्ष फॉर्मवर आजारांची नावं इंग्रजीत, सुट्या मोठ्या अक्षरांत, एकही शॉर्टफॉर्म न वापरता लिहायची.

दाखला आपण द्यायचा का, हे आधी ठरवा

जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा. त्यातली २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. दवाखान्यात मृत्यू झाला तर फॉर्म ४ निबंधकाकडे पाठवायचा आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची; दवाखाना सरकारी असो की खासगी. घरी मृत्यू झाला तर शेवटच्या आजारात ज्यांनी पेशंटला पाहिलं त्या डॉक्टरांनी फॉर्म ४-अ भरून, नोंद करायला जाणाऱ्या माणसाच्या हाती द्यायचा. दोन्हीसाठी एक रुपयाही घ्यायचा नाही. आजाराचा पूर्वेतिहासही दाखल्यात यावा, असं दुरुस्त कायदा म्हणतो. कॅन्सरच्या बाबतीत हे सोयीचंच आहे, कारण कधी निदान झालं आणि कुठे उपचार झाले, हेच पुढे विचारलं जातं.

पेशंट मृत अवस्थेतच आणला आणि तुम्ही त्याला आधी कधी पाहिलेलं नसेल, तर नातेवाइकांच्या पिशवीतले कागद वाचून कारण लिहू नका. अलीकडे उपचार करणारे डॉक्टर गाठायला सांगा. मृत्यूत जरासाही अनैसर्गिक धागा असेल तर पोलिसांना कळवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली पुढची चौकशी होते. कॅन्सरचा पेशंट म्हणजे नैसर्गिकच मृत्यू, ही समजूत चुकीची आहे. वेदना असह्य होऊन शेतातलं कीटकनाशक घेतलेला पेशंट हा मेडिको-लीगल पेशंट. तिथे मूळ कारण विषबाधा, मृत्यूचा प्रकार आत्महत्या, आणि कॅन्सर जातो दुसऱ्या भागात.

हाड मोडलेल्या पेशंटच्या बाबतीत थोडं थांबून विचार करावा लागतो. हाडात पसरलेल्या कॅन्सरमुळे मांडीचं हाड कुशीवर वळताना मोडलं असेल तर ते पॅथॉलॉजिकल फ्रॅक्चर, कॅन्सरच्याच साखळीतलं, नैसर्गिक. पण अंगणात पाय घसरून पडल्यावर निरोगी हाड मोडलं आणि त्यातून पुढे न्यूमोनिया होऊन मृत्यू आला, तर तो अपघात. एक्स-रे बघितल्याशिवाय यातलं काहीही लिहू नका.

सीमाभागात आणखी एक घोळ कायमचा आहे. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते, जिथे घर आहे तिथे नाही. निपाणीचा पेशंट मिरजेला किंवा कोल्हापूरला गेला तर नोंद महाराष्ट्रात. इकडे नगरपालिकेत किंवा तलाठ्याकडे हेलपाटे घालून उपयोग नाही. (कर्नाटकात त्यांना आता ग्राम प्रशासकीय अधिकारी म्हणतात, पण आपल्याकडे तोंडात तलाठीच.) आणि ‘शेवटचे दोन दिवस घरी असू देत’ म्हणून निघालेला पेशंट पुणे-बेंगळुरू हायवेवर गाडीतच गेला तर? चालत्या वाहनातल्या मृत्यूची खबर वाहनाच्या जबाबदार माणसाने जिथे पहिल्यांदा गाडी थांबेल तिथल्या निबंधकाला द्यायची असते. पेशंटला घरी पाठवताना हे नातेवाइकांना सांगून ठेवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डिस्चार्ज कार्डावर मूळ जागा, बायोप्सीचा प्रकार आणि स्टेज स्पष्ट लिहा. चार दिवसांनी खानापूरच्या जंगलपट्टीतल्या एखाद्या गावचा डॉक्टर त्याच कार्डावरून ४-अ भरणार आहे.

फॉर्मचे दोन भाग

पहिल्या भागात अ, ब, क अशा ओळी. ‘अ’मध्ये थेट ज्याने मृत्यू आला ते. ‘ब’मध्ये ‘अ’ कशामुळे झालं ते. ‘क’मध्ये ‘ब’ कशामुळे झालं ते. भरलेल्या ओळींतल्या सर्वांत खालच्या ओळीवर मूळ कारण येतं, म्हणजे ज्या आजाराने ही सगळी घसरण सुरू केली तो. आकडेवारीत मोजला जातो तो हाच. सगळ्या ओळी भरल्याच पाहिजेत असं नाही. ‘अ’मध्येच सगळं आलं असेल तर खाली रेघ ओढा. मधली ओळ रिकामी सोडून खाली उडी मारायची नाही.

तीन ओळी अपुऱ्या पडल्या तर एकाच ओळीत ‘मुळे’ या अर्थाचे शब्द घालून दोन पायऱ्या जोडता येतात. पण ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही असे दोन आजार एका ओळीत शेजारी शेजारी बसवू नका. कोणाला धरायचं ते मग कोड लावणाऱ्याला नियमावरून ठरवावं लागतं, आणि तो नियम तुमच्या मनातलं ओळखत नाही.

दुसरा भाग साखळीबाहेरच्या, पण मृत्यूला हातभार लावणाऱ्या आजारांचा: मधुमेह, सीओपीडी, जुना हृदयविकार. इथे केस पेपरवरचे सगळे आजार उतरवून काढायची सवय बऱ्याच जणांना असते. ‘हा आजार नसता तर पेशंट तेव्हाच आणि तसाच गेला असता का?’ हा प्रश्न विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर तो आजार फॉर्मवर नको.

मूळ जागा शोधायची कशी: घरच्यांचे शब्द आणि पिशवीतले कागद

घरचे जो शब्द वापरतात तो आपल्या निदानाचा शब्द नव्हे. आपल्याकडच्या बोलीत ही गफलत फार सहज होते.

‘छातीचा कॅन्सर’ बाईच्या बाबतीत बहुतेक वेळा स्तनाचा असतो, पण फुफ्फुसाचाही असू शकतो. ‘छातीत गाठ’ ऐकून फॉर्मवर छाती असं लिहिलं तर ते ना स्तनात मोजलं जातं ना फुफ्फुसात.

‘पिशवीचा कॅन्सर’ हा सगळ्यांत फसवा. गर्भाशयमुखाचा कॅन्सर सी५३, गर्भाशयाच्या मुख्य भागाचा सी५४, आणि ‘गर्भाशयाचा’ एवढंच लिहिलं तर सी५५, म्हणजे कोणता भाग ते माहीत नाही असा गट. गर्भाशयमुखाचा कॅन्सर लस आणि तपासणीने टाळता येण्यासारखा असतो. कुठे लस द्यायची, कुठे तपासणी करायची हे ठरवणाऱ्याला सी५५ चा काडीचा उपयोग नाही. ‘पिशवी काढली होती’ हे ऐकल्यावरही कशासाठी काढली ते विचारा. साध्या गाठीसाठी काढलेली असेल तर कॅन्सर वेगळ्याच जागचा असतो.

‘घशाचा’ म्हणजे टॉन्सिलच्या भागाचा सी०९-सी१०, त्याखालच्या हायपोफॅरिंक्सचा सी१३, स्वरयंत्राचा सी३२ की अन्ननलिकेचा सी१५? नुसतं ‘घसा’ लिहिलं तर सी१४.० या कचरापेटीत जातं. ‘पोटाचा’ म्हणजे जठर असेल तर सी१६. पण अंडाशय, मोठं आतडं, स्वादुपिंड यांनाही लोक पोटच म्हणतात, आणि पोट एवढंच लिहिल्यावर सी७६.२ हा निरुपयोगी कोड लागतो. ‘आतड्याचा’ लिहिलंत तर सी२६.०; कोलन असेल तर सी१८, गुदाशय असेल तर सी२०, हे तुम्हीच लिहायला हवं.

तोंडाच्या कॅन्सरला आपल्या भागात जास्त जपावं लागतं. ‘जबड्याचा मॅलिग्नंट ट्यूमर’ असं लिहिलं तर तो हाडाच्या कॅन्सरमध्ये, सी४१.१ मध्ये जाऊ शकतो. प्रत्यक्षात आजार बहुधा हिरडीत (सी०३) किंवा गालाच्या आतल्या अस्तरात (सी०६.०) सुरू होऊन मग जबड्याच्या हाडात घुसलेला असतो. म्हणून ‘डाव्या गालाच्या आतल्या अस्तराचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, खालच्या जबड्यात शिरलेला’ असं पूर्ण लिहा. जिभेतही मुळाकडचा भाग सी०१ आणि पुढचा सी०२, दोन वेगळे कोड.

‘रक्ताचा कॅन्सर’ म्हटलं की ल्युकेमियाचा प्रकार लिहायचा, तीव्र की जुनाट, मायलॉइड की लिम्फोसायटिक. मायलोमा असेल तर मायलोमा. ‘गाठीचा कॅन्सर’ म्हणजे लिम्फोमाही असतो आणि दुसरीकडून येऊन मानेच्या गाठीत बसलेला कॅन्सरही.

आता कागदांची पिशवी. बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, मिरज, मुंबई असे दवाखाने फिरलेल्या पेशंटचे कागद एखाद्या सराफाच्या किंवा साड्यांच्या दुकानाच्या कॅरीबॅगेत असतात, एक्स-रेच्या पाकिटात घडी घालून. वरचा कागद बहुधा औषधांचं बिल. तुम्हाला हवेत तीनच: पहिल्या बायोप्सीचा रिपोर्ट, ऑपरेशन झालं असेल तर काढलेल्या भागाचा रिपोर्ट, आणि ज्या दवाखान्यात केमो किंवा शेक (रेडिएशन) सुरू झाले तिथलं डिस्चार्ज कार्ड. शेवटच्या सीटी स्कॅनवर भरवसा ठेवू नका. त्यात कॅन्सर कुठवर पसरला ते असतं, कुठून आला ते असेलच असं नाही.

बायोप्सीच्या रिपोर्टवर आधी नमुना कुठून घेतला ते बघा. ‘लिव्हर बायोप्सी: ॲडिनोकार्सिनोमा’ म्हणजे लिव्हरचा कॅन्सर नव्हे, बहुतेक वेळा दुसरीकडून आलेला. रिपोर्टच्या शेवटी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींवरच्या खुणा, म्हणजे मार्कर, ओळखणारी तपासणी) असेल तर तिथे धागा सापडतो. टीटीएफ-१ पॉझिटिव्ह असेल तर फुफ्फुस किंवा थायरॉइडकडे बघा. सीके-२० आणि सीडीएक्स-२ मोठ्या आतड्याकडे बोट दाखवतात. ईआर आणि गाटा-३ स्तनाकडे, पॅक्स-८ अंडाशय किंवा किडनीकडे, पीएसए प्रोस्टेटकडे. एका मार्करवर निर्णय घेऊ नका. पॅथॉलॉजिस्टने खाली काय निष्कर्ष दिला आहे ते वाचा, आणि शंका वाटली तर लॅबला फोन करा. ब्लॉक नंबर सांगितला की रिपोर्ट शोधता येतो.

सगळं करूनही मूळ जागा सापडली नाही तर तसंच लिहा: ‘मेटास्टॅटिक ॲडिनोकार्सिनोमा, मूळ जागा अज्ञात’. त्याला सी८०.० कोड आहे. गप्प राहिलात तर शोधून सापडलं नाही की शोधलंच नाही, हे कागद वाचणाऱ्याला कळत नाही.

बायोप्सी झालेलीच नाही, असेही पेशंट खूप असतात. ऐंशीची आजी, स्कॅनमध्ये फुफ्फुसात मोठी गाठ, घरच्यांनी पुढची तपासणी नको म्हटलं. तिथे ‘फुफ्फुसातील मास’ किंवा ‘एसओएल’ (स्पेस ऑक्युपाइंग लीजन, म्हणजे नुसती जागा व्यापणारी गाठ) लिहू नका. मास, ग्रोथ, ट्यूमर हे शब्द साध्या गाठीलाही लागतात, आणि ‘ब्रेन ट्यूमर’ एवढंच लिहिलं तर कोड कॅन्सरच्या गटाबाहेर, डी४३ मध्ये जातो. क्लिनिकली कॅन्सर वाटत असेल तर ‘बहुधा फुफ्फुसाचा कार्सिनोमा’ असं लिहा. कोड लावताना ‘बहुधा’ हा शब्द धरला जात नाही आणि आजार कॅन्सरमध्येच मोजला जातो. खात्री नसताना असं लिहिणं खोटेपणा आहे असं काहींना वाटतं. उलट खोटेपणा ‘मास’ लिहिण्यात आहे, कारण कॅन्सर आहे हे तुम्हाला ठाऊक असतं.

‘मेटास्टॅटिक’ या शब्दाला एकटं सोडू नका

‘मेटास्टॅटिक लंग कॅन्सर’ म्हणजे फुफ्फुसातून दुसरीकडे पसरलेला की दुसरीकडून फुफ्फुसात आलेला? दोन्ही अर्थ निघतात. फुफ्फुसाची अडचण अशी की कॅन्सर तिथे सुरूही होतो आणि बाहेरून येऊन बसतोही. म्हणून दोन्ही टोकं लिहायची: कुठून, कुठे. ‘उजव्या फुफ्फुसाचा प्राथमिक ॲडिनोकार्सिनोमा, मेंदू व हाडांत पसरलेला.’ किंवा ‘डाव्या स्तनाचा कार्सिनोमा, दोन्ही फुफ्फुसांत पसरलेला.’ हाड, मेंदू, लिव्हर, फुप्फुसावरचं आवरण, पोटातलं आवरण, लिम्फच्या गाठी या जागांत बहुतेक वेळा कॅन्सर बाहेरून आलेला असतो. या जागा शेवटच्या ओळीवर दिसल्या की सही करण्याआधी थांबा.

एकाच पेशंटला दोन वेगळे मूळ कॅन्सर असणं तंबाखू खाणाऱ्यांत नवल नाही. गालाचा बरा झाल्यावर काही वर्षांनी अन्ननलिकेत दुसरा निघतो. दोन्हींपुढे ‘प्राथमिक’ लिहा. ज्याने मृत्यू आणला तो पहिल्या भागात, दुसरा हातभार लावत असेल तर दुसऱ्या भागात.

साखळी कशी बांधायची

गालाचा कॅन्सर मानेत पसरला, शेक दिलेल्या भागातली त्वचा सडली आणि एके दिवशी मानेतली मोठी धमनी फुटली. आपल्याकडे दिसणाऱ्या मृत्यूंतला हा ओळखीचा प्रकार.

अ) हायपोव्होलेमिक शॉक: २० मिनिटं
ब) ट्यूमर शिरल्याने कॅरोटिड धमनी फुटून रक्तस्राव: ३० मिनिटं
क) उजव्या गालाच्या आतल्या अस्तराचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, मानेच्या गाठींत पसरलेला: १४ महिने
दुसरा भाग: टाइप २ मधुमेह, ८ वर्षं, तंबाखू चघळणं, २५ वर्षं

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये चूक वेगळी होते. पेशंट सूज, उलट्या, गुंगी घेऊन येते, क्रिएटिनिन चढलेलं असतं, आणि दाखल्यावर उतरतं ‘सीकेडी’. ती स्त्री मग किडनीच्या आजाराने गेलेल्यांत मोजली जाते. खरी साखळी अशी:

अ) युरेमिक एन्सेफॅलोपथी: ५ दिवस
ब) दोन्ही मूत्रवाहिन्या दाबल्या गेल्याने किडनी निकामी: ६ आठवडे
क) गर्भाशयमुखाचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, स्टेज ३-बी: २ वर्षं

अल्ट्रासाउंडमध्ये दोन्ही किडन्या फुगलेल्या दिसल्या की ही साखळी डोळ्यांसमोर यायलाच हवी.

काही शब्द ‘अ’ ओळीत चालतात, पण खाली आधार हवा: सेप्सिस, न्यूमोनिया, कॅल्शियम वाढणं, आतड्याचा अडथळा, पल्मनरी एम्बोलिझम, कुपोषण, कॅकेक्सिया. त्यांच्याखाली कॅन्सर नसेल तर ते तिथेच लटकतात. ‘वृद्धापकाळ’, ‘अशक्तपणा’, ‘मल्टिऑर्गन फेल्युअर’ हे एकटे कुठेच चालत नाहीत.

एचआयव्ही असलेल्या पेशंटला लिम्फोमा किंवा कॅपोसी सार्कोमा झाला असेल तर एचआयव्ही लिहिणं टाळू नका. तिथे मूळ कारण एचआयव्ही ठरतं आणि कोड बी२१ लागतो.

उपचारांमुळे मृत्यू आला असं वाटतं तेव्हा

केमोनंतर आठ-दहा दिवसांनी पांढऱ्या पेशी तळाला जातात, ताप येतो, पेशंट सेप्सिसमध्ये जातो. इथे हात आखडतो. केमो लिहिली तर आपल्यावर येईल, म्हणून नुसतं ‘सेप्टिक शॉक’ लिहिलं जातं आणि कॅन्सरही गायब होतो. भीती अनाठायी आहे. अपेक्षित दुष्परिणामाने मृत्यू आला तरी मूळ कारण तोच आजार राहतो, ज्यासाठी उपचार चालू होते.

अ) सेप्टिक शॉक: २ दिवस
ब) केमोथेरपीनंतरची न्यूट्रोपेनिया: ४ दिवस
क) उजव्या स्तनाचा इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा, लिव्हर व हाडांत पसरलेला: ३ वर्षं

ऑपरेशननंतरच्या मृत्यूत ऑपरेशनचं नाव, तारीख आणि कशासाठी केलं ते लिहा. ‘पल्मनरी एम्बोलिझम, हेमिकोलेक्टमीनंतर’ यात मोठ्या आतड्याचा भाग काढण्याचं हे ऑपरेशन कशासाठी ते आलंच नाही. खालच्या ओळीत कोलनचा कार्सिनोमा हवाच. औषधाचा डोस चुकणं किंवा रक्तगट चुकणं अशी खरी चूक झाली असेल तर ती वेगळी गोष्ट. तिथे आधी वरिष्ठांना आणि गरज असेल तर पोलिसांना कळवायचं.

मॉर्फिन चालू असलेला पेशंट शेवटच्या दिवसांत झोपेतच गेला, श्वास मंद होत गेला, की ‘मॉर्फिनमुळे रेस्पिरेटरी डिप्रेशन’ लिहिण्याचा मोह होतो. योग्य डोसवर असलेल्या पॅलिएटिव्ह (फक्त त्रास कमी करण्याचे उपचार चालू असलेल्या) पेशंटमध्ये हे लिहिणं जवळजवळ नेहमी चूक असतं.

कॅन्सर होता, पण मृत्यू त्याने आला नाही

उलटीकडची चूकही होते. बारा वर्षांपूर्वी स्तनाचं ऑपरेशन झालेली, त्यानंतर पूर्ण बरी असलेली बाई हार्ट अटॅकने जाते आणि फाईलवर ‘सीए ब्रेस्ट’ दिसतं म्हणून तेच खाली लिहिलं जातं. तिथे ‘क’ ओळीत कोरोनरी आर्टरी डिसीज हवी. जुना कॅन्सर पूर्ण बरा असेल आणि मृत्यूत त्याचा हात नसेल तर तो फॉर्मवर नको. लिहिलाच तर ‘पूर्वी, उपचारानंतर बरा’ असं स्पष्ट लिहा. प्रोस्टेटचा हळू वाढणारा कॅन्सर असलेले आजोबा स्ट्रोकने गेले तर स्ट्रोक पहिल्या भागात. कॅन्सरने अशक्तपणा वाढवला असेल तर तो दुसऱ्या भागात.

शंका आली की काळाकडे बघा. शेवटचे सहा महिने पेशंट खालावत कशामुळे गेला? वजन, भूक, हिंडणं-फिरणं, रक्त, ही उतरण कोणत्या आजाराच्या बाजूने होती? उत्तर बहुतेक वेळा तिथे मिळतं.

कालावधीचा रकाना

हा रकाना रिकामा सोडण्याची प्रथाच पडली आहे. खरं तर साखळी बरोबर आहे का, हे तपासायची सोपी युक्ती याच रकान्यात आहे. वरून खाली कालावधी वाढत गेला पाहिजे. ‘अ’ला सहा महिने आणि ‘ब’ला तीन महिने असं आलं तर साखळी उलटी बांधली आहे.

कालावधी आजार सुरू झाल्यापासून मोजायचा, बायोप्सीच्या तारखेपासून नाही. तोंडातली जखम आठ महिने भरत नव्हती, त्यानंतर बायोप्सी झाली, आणि बायोप्सीनंतर सहा महिन्यांनी मृत्यू, तर चौदा महिने. नेमकं माहीत नसेल तर ‘सुमारे’ लावून लिहा. मिनिटं, तास, दिवस, आठवडे, महिने, वर्षं यांपैकी काय ते प्रत्येक ओळीपुढे लिहा. नुसता आकडा टाकू नका.

तंबाखूचे प्रश्न

मृत्यूच्या नोंदीच्या फॉर्म २ मध्ये धूम्रपान, तंबाखू चघळणं, सुपारी व पानमसाला, आणि दारू किती वर्षं, असे प्रश्न असतात. वॉर्डात हे प्रश्न कारकुनावर सोडले जातात आणि सगळीकडे ‘नाही’ लागतं. निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखू हे शेतातलं पीक आहे आणि विड्या वळणं हा कितीतरी बायकांचा रोजगार. तिथे तरी ‘नाही’ सहज लिहू नये. बाईबद्दल ‘तंबाखू खायच्या का?’ विचारलं तर सुनेकडून उत्तर येतं, ‘छे, आमच्या आत्याबाई तसलं काही करत नव्हत्या.’ ‘मिश्री लावायच्या का?’ विचारा, म्हणजे ‘ती तर रोज सकाळी’ असं ऐकायला मिळेल. मिश्री हीही कोणत्याही रूपातल्या तंबाखूतच मोडते. वर्षं विचारताना ‘लग्नाआधीपासून?’ असा हिशोब लावला की आकडा लवकर सापडतो.

तंबाखू पहिल्या भागात सगळ्यांत खाली मूळ कारण म्हणून लिहू नका. ती जागा आजाराची. सवय दुसऱ्या भागात जाते.

‘डॉक्टरसाहेब, कॅन्सर लिहू नका’

घरात लग्नाची मुलगी असते, विम्याची धास्ती असते, किंवा म्हाताऱ्या आईला शेवटपर्यंत सांगितलेलंच नसतं. ‘दाखल्यावर नुसतं हार्ट फेल लिहा’ ही विनंती प्रत्येक ड्युटीत एकदा तरी होते. तिला उत्तर आहे आणि ते खरं आहे: निबंधकाकडून मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण छापत नाहीत. कायद्याच्या कलम १७ नेच ते उघड करायला मनाई आहे. वारसा, पेन्शन, बँक यांना लागतो तो हाच दाखला. फॉर्म ४ ची प्रत नातेवाइकांच्या हाती राहते. ती कोणाला दाखवायची ते त्यांनी ठरवायचं. हे दोन वाक्यांत शांतपणे सांगितलं की बहुतेक घरं ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांच्यासाठीही आजार बदलता येत नाही.

सहीआधी आणि सहीनंतर

नाव आधार कार्डावर जसं आहे तसंच घ्या. इथे कागद तीन भाषांत फिरतात. लक्ष्मी एका कागदावर ‘एक्स’ने, दुसऱ्यावर ‘के-एस’ने; विठ्ठलमधला ‘टी’ कधी एक, कधी दोन. कर्नाटकच्या ई-जन्म या जन्म-मृत्यू नोंदणीच्या प्रणालीत चुकीचं नाव चढलं की पुढे उताऱ्यावर वारस लावताना सहा महिने जातात. बाई पेशंट असेल तर गरोदरपणाशी संबंधित रकाना भरा, सत्तरीची असली तरी ‘नाही’ लिहा. मृत्यूचा प्रकार ‘नैसर्गिक’वर खूण करा, बऱ्याच जणांकडून तो कोराच राहतो. डॉक्टरचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, तारीख आणि वेळ.

भरताना शब्द चुकला तर त्यावर गिरवू नका, व्हाइटनर लावू नका. एक रेघ मारून शेजारी बरोबर शब्द, आणि तिथे छोटी सही. फार चुका झाल्या तर नवा फॉर्म घ्या आणि जुना ‘रद्द’ लिहून फाईलला लावा. कोऱ्या फॉर्मवर आधीच सही करून सिस्टरकडे ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती आजच बंद करा.

बायोप्सीचा रिपोर्ट मृत्यूनंतर आठवड्याने आला आणि मूळ जागा वेगळी निघाली, तर हातावर हात धरून बसू नका. रिपोर्टची प्रत आणि दुरुस्त साखळी लेखी स्वरूपात निबंधकाकडे पाठवा, आणि दवाखान्याच्या प्रतीवर ती कधी पाठवली ते लिहून ठेवा. मृत्यूची खबर २१ दिवसांत जायला हवी, त्यामुळे रिपोर्टची वाट बघत फॉर्म अडवू नका. तेव्हा जे माहीत आहे ते पाठवा, ‘बायोप्सीचा रिपोर्ट येणे बाकी’ असं लिहून.